आनुवंशिकीचा लोकशिक्षक : जे. बी. एस. हॉल्डेन

वाचकहो, मुलामुलींचे रिश्ते जमविताना आपल्या घरांतून सर्वांत आधी खानदानाची चौकशी होते. आजोबा कोण होते, घराणे मूळचे कुठले, त्यांच्यात कोणाला वेड किंवा महारोग तर नव्हता ना, हे सारे विचारले जाते. (महारोग जंतूंमुळे होतो, तो रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही, हे सांगूनही पुष्कळांना पटत नाही.) रक्त चांगले आहे असा शेरा मिळाला की वडीलधारी मंडळी निश्चिंत होतात. परंतु या रक्तात असते काय, आईबापांकडून मुलाकडे नेमके काय जाते आणि काय जात नाही, हे कारखान्यातील कामगारालाही कळेल अशा भाषेत सांगण्यासाठी एका थोर शास्त्रज्ञाने आयुष्याची कित्येक वर्षे खर्ची घातली. इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि भारताचा नागरिक म्हणून ओडिशात देह ठेवणारा हा शास्त्रज्ञ म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन होय. त्यांच्या जीवनाची ओळख आपणांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे.

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामांकित शास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की ते स्वतः खाली उतरून तेथील हवा तपासत. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, ही सूचना त्यांचीच. लहानग्या मुलालाही ते बरोबर नेत. एकदा एका खाणीत छताजवळ साचलेल्या मिथेन वायूत त्यांनी मुलाला उभे केले आणि शेक्सपीअरच्या ज्यूलियस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळी होतात न होतात तोच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तेथे त्याचा श्वास पूर्ववत झाला. मिथेन हवेहून हलका असतो, हे तो पुन्हा कधी विसरणे शक्य नव्हते. पालकांनी हा प्रयोग घरी करू नये हे सांगणे नलगे. पण कोणतीही गोष्ट खरी की खोटी हे आधी स्वतःवर पाहावे, ही खोड त्या मुलाला लागली ती कायमची.

१९०१ साली वडिलांनी त्याला एका व्याख्यानाला नेले. विषय होता ग्रेगोर मेंडेल यांचे नियम. मेंडेल यांनी मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे वाढवून शोधलेले हे नियम चौतीस वर्षे कोणाच्या ध्यानात नव्हते. १९०० साली ते पुन्हा उजेडात आले. आठ वर्षांच्या मुलाच्या मनात ते रुजले. पुढे धाकटी बहीण नेओमी हिने घरी गिनीपिग पाळले, तेव्हा या भावंडांनी त्यांच्या पिलांचे रंग व केस यांची नोंद ठेवून मेंडेलचे नियम पडताळण्यास सुरुवात केली. मग उंदीर आले. त्यातून निघालेला निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हॉल्डेन युद्धाच्या आघाडीवर होते आणि निबंधाचा एक सहलेखक, त्यांचा तरुण मित्र, लढाईत मारला गेला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हे नियम आहेत तरी काय, ते येथेच समजून घेऊ, म्हणजे पुढचे सारे सोपे जाईल. आईबापांचे रक्त मुलात दुधात पाणी मिसळावे तसे मिसळते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तसे होत नाही. प्रत्येक गुणाविषयी आपल्याजवळ दोन चिठ्ठ्या असतात असे समजा. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आपल्या मुलाला आपण त्या दोहोंपैकी एकच देतो, आणि कोणती द्यावयाची हे आपल्या हाती नसते. काही चिठ्ठ्या अशा की एक असली तरी तिचा परिणाम दिसतो. काही मात्र दबून राहतात. दोन्ही चिठ्ठ्या त्याच प्रकारच्या आल्या तरच त्यांचा परिणाम प्रकट होतो. या चिठ्ठ्यांनाच शास्त्रात जनुके म्हणतात. दबलेली चिठ्ठी विरघळून जात नाही. पाच-पाच पिढ्या कोणाच्या नजरेस न येता ती पुढे जाते आणि मग एखाद्या घरी अचानक उघडी पडते. नसांतून वाहणाऱ्या रक्ताचा यात काही संबंध नाही. शेजाऱ्याच्या रक्ताची बाटली चढविल्याने कोणाचे खानदान बदलत नाही.

आता पुन्हा चरित्राकडे. हॉल्डेन यांनी ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजमध्ये प्रथम गणित व नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय घेऊन उत्तम यश मिळविले. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, ही गोष्ट आपल्याकडील मार्कलिस्टा पाहणाऱ्या पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले आणि ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले. १९१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला, तेव्हा वडिलांना उपाय शोधण्यासाठी पाचारण करण्यात आले व मुलालाही खंदकातून बोलावून घेतले गेले. बंद खोलीत क्लोरीन सोडून पितापुत्र व त्यांचे सहकारी आळीपाळीने आत जात आणि कोणता मुखवटा किती वेळ टिकतो ते पाहत. पुढे इराकच्या आघाडीवर ते जखमी झाले आणि उपचारासाठी त्यांना हिंदुस्थानात आणण्यात आले. येथील माणसे त्यांना आवडली, गोऱ्या अंमलदारांची वागणूक आवडली नाही. भारतीयांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच या देशात परत यावयाचे, असे त्यांनी तेव्हा ठरविले. तो दिवस उगवण्यास चाळीस वर्षे लागली.

युद्धानंतर ऑक्सफर्ड, मग केंब्रिज आणि १९३३ पासून लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज अशी त्यांची अध्यापनाची वाटचाल झाली. १९३२ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यांचे मुख्य शास्त्रीय कार्य गणिताचे आहे. निसर्गात एखादा गुण किती वेगाने पसरेल याचे हिशेब त्यांनी १९२४ पासून मांडले. मँचेस्टरच्या धुरकट परिसरात फिकट पतंगांच्या जागी काळे पतंग पन्नासएक वर्षांत कसे भरून गेले, हे त्यांनी आकडेमोडीने दाखविले. त्या गणितात आपण शिरावयाचे कारण नाही. रोनाल्ड फिशर, सूअल राइट आणि हॉल्डेन या तिघांनी मिळून डार्विनची उत्क्रांती आणि मेंडेलची आनुवंशिकता यांची सांगड घातली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्यांचा एक हिशेब मात्र आपल्या विषयाला धरून आहे. हीमोफिलिया नावाचा एक रोग असतो. जखम झाली की रक्त थांबत नाही. तो बहुधा मुलांना होतो, पण येतो मात्र आईकडून; आई स्वतः धडधाकट असते. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या मुलींकडून तो स्पेन आणि रशियाच्या राजघराण्यांत गेला; रशियाच्या शेवटच्या झारचा एकुलता मुलगा याच रोगाने जर्जर होता. त्याकाळी हे रोगी लहानपणीच मरत, म्हणजे दर पिढीत या चिठ्ठ्या नष्ट होत. तरीही रोग्यांची संख्या घटत नाही, याचा अर्थ तितक्याच नव्या चिठ्ठ्या कोठेतरी आपोआप तयार होत असल्या पाहिजेत, असा तर्क हॉल्डेन यांनी केला आणि १९३५ साली त्याचे प्रमाणही काढले : सुमारे पन्नास हजारांत एक. मानवी जनुकात आपोआप होणाऱ्या बदलाचे माप काढण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न होय. राजघराण्यातील या रोगाची गोष्ट त्यांनी सर्वसामान्यांसाठीही लिहिली. ती वाचून कामगार वाचकांना काय वाटले असेल याची कल्पना करा! ज्या रक्ताच्या थोरवीपुढे सारे मान तुकवीत, त्यातही ही चिठ्ठी होती, आणि ती लिहिण्याची चूक कोणाच्या पापामुळे झाली नव्हती.

खानदानाच्या अभिमानाविषयी एक हिशेब आपण आपल्या पाटीवरही करून पाहावा. मी तो दरवर्षी आठवीच्या वर्गात घालतो. आपले आईबाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे जा, पूर्वजांची संख्या १,०२४ होते. वीस पिढ्या मागे दहा लाखांहून अधिक. तीस पिढ्यांमागे, म्हणजे सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी, ती शंभर कोटींच्या वर जाते. त्या काळी सबंध पृथ्वीवर इतकी माणसेच नव्हती. मग हे कोडे सुटावे कसे? एकच उत्तर आहे. तेच ते पूर्वज आपल्या वंशवृक्षात अनेक फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतात, आणि तेच आपल्या शेजाऱ्याच्या वृक्षातही असतात. शजरा लिहिताना आपण एकच फांदी लिहितो. उरलेल्या हजारोंची नावे कोणालाच ठाऊक नसतात. शिवाय दहा पिढ्यांमागच्या एखाद्या पूर्वजाची एकही चिठ्ठी आपल्यापर्यंत पोचलेली नसणे अगदी शक्य आहे, कारण दर पिढीत निम्म्या चिठ्ठ्या गळतात. अलीकडे लाळेच्या चाचणीवरून तुमच्यात इतके टक्के अमुक देश, तितके टक्के तमुक देश असे सांगणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. त्या आपला नमुना त्यांच्याजवळच्या आजच्या माणसांच्या नमुन्यांशी ताडून अंदाज सांगतात, हे विसरू नये. त्या कागदावर वंशाची थोरवी अथवा हलकेपणा लिहिलेला नसतो.

हॉल्डेन यांच्या काळात मात्र ही थोरवी शास्त्राच्या नावाने सांगितली जात होती. हीन रक्ताच्या माणसांना मुले होऊ देऊ नयेत, असे म्हणणारी सुप्रजननाची चळवळ इंग्लंड-अमेरिकेत जोरात होती, आणि तरुणपणी हॉल्डेन यांनाही तिचे काहीसे आकर्षण होते. १९३३ साली हिटलरच्या सरकारने कायदाच केला. त्याखाली सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांवर सक्तीने नसबंदी करण्यात आली. हॉल्डेन यांनी या साऱ्याचा हिशेब तपासावयास घेतला आणि १९३८ साली आनुवंशिकता व राजकारण या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्या प्रकारचा हिशेब असा. समजा, एखादा रोग दहा हजारांत एकाला होतो आणि त्यासाठी दोन दबलेल्या चिठ्ठ्या एकत्र याव्या लागतात. मग शंभर चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी सदोष असली पाहिजे, आणि अशी एकच चिठ्ठी बाळगणारी निरोगी माणसे दर पन्नासांत एक भरतात. म्हणजे एका रोग्यामागे जवळजवळ दोनशे निरोगी वाहक! त्या एकट्या रोग्यावर सक्ती करून रोग हटेल कसा? क्रूरपणा तर होताच. पण ज्या शास्त्राचा हवाला देऊन तो चालला होता, त्या शास्त्रातच तो बसत नव्हता.

अशा गोष्टी त्यांनी विद्वानांच्या सभेत सांगून सोडून दिल्या नाहीत. १९३७ पासून लंडनच्या डेली वर्कर या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रात ते जवळजवळ दर आठवड्याला विज्ञानावर लिहीत. असे तीनशेहून अधिक लेख त्यांनी लिहिले. ते आगगाडीतून प्रवास करतानाही लिहीत. त्यांची पद्धत शिक्षकांनी अभ्यासण्यासारखी आहे. सुरुवात वाचकाच्या रोजच्या अनुभवापासून करावयाची : एखादा अपघात, एखादी बातमी, घरातले मांजर. एका लेखात एकच मुद्दा. वाक्ये आखूड. आणि जे अजून ठरलेले नाही ते ठरलेले नाही, असे स्पष्ट सांगावयाचे. विज्ञान ही थोरामोठ्यांनी वरून दिलेली आज्ञा आहे असे वाचकाला वाटू नये, याची ते काळजी घेत.

लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसण्यास दुसरेही कारण होते. जोखमीचे प्रयोग ते आधी स्वतःवर करीत. रक्तातील आम्ल वाढल्यास काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी नवसागराचे द्रावण पिऊन पाहिले. १९३९ च्या जूनमध्ये थीटिस नावाची पाणबुडी बुडून ९९ माणसे मेली. ती कशी गुदमरली हे ठरविण्यासाठी हॉल्डेन चार स्वयंसेवकांना घेऊन एका बंद लोखंडी पेटीत तासन्‌तास बसले, हवा दूषित होऊन डोकी फुटावयाची वेळ येईपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांसाठी दाबाखालील ऑक्सिजनचे प्रयोग करताना त्यांना असे झटके आले की पाठीच्या मणक्याला कायमची इजा झाली.

आता त्यांच्या ज्या शोधाशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो त्याकडे वळू. थॅलॅसीमिया हा रोग भूमध्य समुद्राच्या काठी फार आढळे. मूल जन्मतः ठीक दिसते. काही महिन्यांनी ते पांढरे पडू लागते, अंगात रक्त धरत नाही. त्याकाळी अशी मुले लहानपणीच दगावत. मग हीमोफिलियाचाच प्रश्न येथेही उभा राहिला : दर पिढीत चिठ्ठ्या नष्ट होतात, तरी रोग टिकतो कसा? नव्याने इतक्या चिठ्ठ्या तयार होणे संभवत नव्हते. १९४९ साली हॉल्डेन यांनी एक अंदाज मांडला. भूमध्य समुद्राचा काठ हा हिवतापाचा प्रदेश आहे. तेव्हा ज्यांच्याजवळ एकच सदोष चिठ्ठी आहे अशा वाहकांना हिवतापापासून थोडे संरक्षण मिळत असावे, आणि म्हणून ती चिठ्ठी टिकून राहिली असावी. पाच वर्षांनी, १९५४ साली, अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेल या रक्ताच्याच दुसऱ्या विकाराबाबत असे संरक्षण असल्याचे दाखवून दिले. आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, अमरावती, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी व अन्य समाजांत सिकलसेल आढळतो, त्यामागेही शतकानुशतकांचा हिवताप आहे.

पालकहो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्या घरात असे मूल जन्मते त्या घरावर कोणाचा शाप नाही, कोणाची नजर नाही. त्यांच्या पूर्वजांना हिवतापातून जगविणारी ही चिठ्ठी आहे. भारतात दर शंभरांत तीन-चार माणसे थॅलॅसीमियाची वाहक आहेत. त्यांना कसलाही त्रास नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणी मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण मुक्त असण्याची चारांत एक. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात. पहिले मूल रोगी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असे नाही. आणि हा रोग होण्यास आई व बाप दोघांचीही चिठ्ठी लागते. तरीदेखील दोष सुनेच्या माथी मारला जातो, तिला माहेरी धाडले जाते, दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू होतात. याला शास्त्राचा तिळमात्र आधार नाही. रोगी मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, साठणारे लोह काढण्याची औषधे द्यावी लागतात. अस्थिमज्जेच्या रोपणाने काही मुले पूर्ण बरीही होतात, पण खर्च कोणाला पेलतो?

येथे नात्यातील लग्नांचा विषय येतोच. चुलत-मावस भावंडांच्या विवाहाची आपल्याकडे मुभा आहे, सक्ती नाही. मामे-आते भावंडांची लग्ने महाराष्ट्रातील हिंदू समाजांतही होतात, आणि आंध्रात मामाभाचीचीही. सख्ख्या भावंडांकडे एखादी विशिष्ट चिठ्ठी समान असण्याची शक्यता निम्मी, तर पहिल्या पिढीच्या चुलत-मामे भावंडांत ती एक अष्टमांश. सर्वसाधारण माणूस थॅलॅसीमियाचा वाहक असण्याची शक्यता तीसांत एक म्हणा. पण वाहकाचा चुलतभाऊ वाहक असण्याची आठांत एक तरी असते. सर्वसाधारण जोडप्यांच्या शंभर मुलांत दोन-तीन मुलांना जन्मजात गंभीर विकार आढळतो. नात्यातील जोडप्यांत त्यात आणखी दोन-तीनांची भर पडते. म्हणजे बहुसंख्य मुले निरोगीच असतात, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. आणि काही फरकच पडत नाही असे म्हणावयासही जागा नाही. नात्यात किंवा बिरादरीतच निकाह करावयाचा असेल तर आधी दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी. मुलगा वाहक नसला तर मुलगी वाहक असली तरी त्यांच्या मुलांना हा रोग होत नाही. तेव्हा केवळ तेवढ्यावरून रिश्ता मोडणे हा अन्याय आहे. सायप्रसमध्ये अशा तपासणीने थॅलॅसीमियाच्या मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. इराणने १९९७ साली लग्नापूर्वीच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, सौदी अरेबियाने २००४ साली ती सक्तीची केली. तेथील उलेमा आणि डॉक्टर एकाच बाजूला उभे राहू शकतात, तर आपल्या मोहल्ल्यात अडचण कसली, असा प्रश्न मला पडतो.

हॉल्डेन यांच्या चरित्रातील एक प्रकरण गाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. रशियातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय व्हाविलोव्ह हे त्यांचे स्नेही होते. त्यांच्याच निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ साली रशियाला जाऊन आले. पुढे तेथे लिसेन्को नावाच्या कृषितज्ज्ञाचे प्रस्थ माजले. मेंडेलची आनुवंशिकी खोटी आहे, पिकाला हवे तसे वळण लावले की ते वळण बियाण्यात उतरते, असे तो म्हणे आणि स्टॅलिनचे त्याला पाठबळ होते. व्हाविलोव्ह यांना १९४० साली अटक झाली व १९४३ च्या जानेवारीत ते तुरुंगात मरण पावले. १९४८ च्या ऑगस्टमध्ये रशियात आनुवंशिकीवर अधिकृत बंदीच आली. सगळे जग हॉल्डेन काय म्हणतात हे ऐकण्यास उत्सुक होते. ते त्यावेळी कम्युनिस्ट पक्षात होते, पक्षाच्या पत्राच्या संपादक मंडळाचे अध्यक्ष होते. बी.बी.सी.वरील चर्चेत फिशर यांनी लिसेन्कोचा कडक निषेध केला. हॉल्डेन यांनी मात्र या बाजूचे थोडे, त्या बाजूचे थोडे असे मोघम भाषण केले. दर आठवड्याला कामगारांना पुरावा मागण्यास शिकविणाऱ्या माणसाने पुरावा मागण्याची वेळ आली तेव्हा पक्षाकडे पाहिले. १९५० च्या सुमारास ते गाजावाजा न करता पक्षातून बाहेर पडले. पण स्पष्ट शब्दांत निषेध असा त्यांनी केला नाही. त्यांचे चाहते याची अनेक कारणे देतात. मला त्यातील एकही पुरेसे वाटत नाही. तथापि थॅलॅसीमियाचा जो अंदाज त्याच सुमारास त्यांनी मांडला, तो ते कोणत्या पक्षात होते यावर अवलंबून नव्हता. ॲलिसन यांना तो रक्ताच्या थेंबात तपासता आला. लिसेन्कोचे म्हणणेही शेतात तपासले गेले आणि १९६० नंतरच्या दशकात रशियातच टाकून दिले गेले. त्या दरम्यान किती पिके आणि किती माणसे वाया गेली, हा वेगळा हिशेब आहे.

१९५७ साली हॉल्डेन आणि त्यांच्या पत्नी हेलन स्परवे यांनी लंडन सोडले. सुएझ कालव्यावर इंग्लंडने केलेल्या हल्ल्याचा निषेध हे कारण त्यांनी दिले. प्रा. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, धोतर-सदरा वापरू लागले, मांसाहार सोडला आणि १९६१ साली भारताचे नागरिक झाले. महागडी यंत्रे नसली तरी भारतात उत्तम विज्ञान करता येते, डोळे उघडे ठेवून मोजता आले पाहिजे, असे ते तरुणांना सांगत. त्यांच्या एका सहकाऱ्याने नारळाच्या झाडांच्या झावळ्या डावीकडे वळत जातात की उजवीकडे हे मोजून त्याचा फळांशी संबंध शोधला. त्यांचे शिष्य कृष्ण द्रोणमराजु यांनी मीरा खान यांच्यासह आंध्रातील नात्यातल्या विवाहांची पाहणी केली. तिचा निबंध १९६३ साली प्रसिद्ध झाला. दि हिंदू पत्रात हॉल्डेन आता भारतीय वाचकांसाठी लिहीत होते.

स्वभाव मात्र तापटच राहिला. कलकत्त्याच्या संस्थेशी मतभेद होऊन त्यांनी राजीनामा दिला आणि १९६२ साली ओडिशा सरकारच्या मदतीने भुवनेश्वरला नवी प्रयोगशाळा उभारली. तेथे त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. १९६४ च्या आरंभी लंडनमध्ये आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तेव्हा इस्पितळातूनच त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहून छापली. लोकांनी लाज व भीती सोडून वेळीच डॉक्टर गाठावा, एवढाच तिचा उद्देश. आपला मृत्युलेखही त्यांनी स्वतःच बी.बी.सी.साठी बोलून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी आंध्रातील काकिनाडा येथील रंगराय मेडिकल कॉलेजला देण्यात आला. आनुवंशिकीचे जे नियतकालिक ते इंग्लंडहून आपल्याबरोबर घेऊन आले होते, ते हेलन यांनी काही वर्षे चालविले. मध्यंतरी बंद पडलेले ते पत्र १९८५ पासून बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस पुन्हा प्रसिद्ध करू लागली.